युरिया सेंद्रिय आहे का?

गेल्या वर्षी बारावीला ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू केली, पहिलाच तास होता, आणि मी दरवर्षीसारखी फळ्यावर जर्मन केमिस्ट व्होलर आणि युरियाची गोष्ट लिहायला घेतली की १८२८ साली प्रयोगशाळेत तयार झालेला हा सेंद्रिय पदार्थ वगैरे वगैरे, तर मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, युरिया सेंद्रिय कसा? आमचे पप्पा तीन वर्षं सेंद्रिय शेती करतायत, त्यांनी तर पहिला युरियाच बंद केला." वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न डोक्यातून काढता आला नाही, कारण पोरगं बरोबर होतं, त्याचे पप्पा बरोबर होते, आणि माझं पुस्तकही बरोबर होतं. तिघं एकच शब्द वापरत होतो आणि तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, तरी गोष्ट जुळत नव्हती.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलेय आणि माझं मत आता पक्कं झालंय, ते सरळ सांगते. "सेंद्रिय" हा शब्द आज बाजारात ज्या अर्थानं चालतो, म्हणजे "यात केमिकल नाही", तो अर्थ त्याला कधीच नव्हता, ना रसायनशास्त्रात ना शेतीत, आणि हा तिसरा अर्थ आपल्याला महाग पडतोय. सेंद्रिय शेतीशी माझं भांडण नाही, उलट त्या शेतीची खरी बाजू या "केमिकल फ्री"च्या पाटीखाली झाकली जाते याचंच मला वाईट वाटतं.

आधी शब्द बघू. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, इंद्रियांसहित. इंग्रजीतल्या ऑरगॅनिकमध्ये जो ऑरगन आहे, म्हणजे शरीराचा अवयव, त्याचंच हे सरळ मराठी रूप, आणि उलट ते निरिंद्रिय किंवा असेंद्रिय. हा शब्द घडला तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः होता. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियसनं ऑरगॅनिक केमिस्ट्री हे नाव रुळवलं ते अवयव असलेल्या जिवांच्या पदार्थांसाठी, म्हणजे साखर, चरबी, मूत्र, रक्त, डिंक. दगड-माती-मीठ-धातू दुसऱ्या बाजूला. मधे भिंत होती आणि त्या काळच्या बऱ्याच लोकांना वाटायचं की या भिंतीच्या अलीकडचे पदार्थ फक्त जिवंत शरीरच बनवू शकतं, कारण त्यात एक प्राणशक्ती काम करते जी काचेच्या भांड्यात आणता येत नाही.

मग आला व्होलर. सत्तावीस वर्षांचा होता, बर्लिनच्या एका तांत्रिक शाळेत शिकवायचा, आधी बर्झेलियसकडेच शिकून आलेला. त्याला करायचं होतं अमोनियम सायनेट, साधं क्षार, आणि पांढरे स्फटिक मिळाले ते युरियाचे. तोच युरिया जो माणसाच्या लघवीतून अठराव्या शतकातच वेगळा काढलेला होता. त्यानं आपल्या गुरूला पत्र लिहून कळवलं की माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाची गरज न लागता मी युरिया करू शकतो. हे पत्र मी वर्गात दरवर्षी सांगते, आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की त्या दिवशी प्राणशक्तीची कल्पना संपली. तसं काही झालं नाही खरं तर. व्होलरनं स्वतःच शंका काढली होती की मी वापरलेला सायनेटचा मूळ माल जनावरांच्या अवशेषांपासूनच आलेला आहे, मग तो जिवंतपणाचा अंश त्यातूनच आला असं कुणी म्हणेल. भिंत पडायला अजून काही दशकं गेली, एकेक पदार्थ बनत गेला, आणि १८६० च्या सुमाराला केकुलेनं सरळ सांगून टाकलं की ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री. इंद्रियं गेली, कार्बन आला. शब्द मात्र तोच राहिला.

म्हणजे गेली दीडशेच्या वर वर्षं रसायनशास्त्रात सेंद्रियचा अर्थ "कार्बनवालं" इतकाच आहे, थोडेफार अपवाद सोडून. प्लास्टिकची पिशवी सेंद्रिय, पेट्रोल सेंद्रिय, फिनाईलच्या गोळ्या सेंद्रिय. चांगलं-वाईट, विषारी-बिनविषारी, नैसर्गिक-कारखान्यातलं, यातलं काहीही हा शब्द सांगत नाही.

आता त्या मुलाच्या पप्पांचा शब्द. तो वेगळ्या घरातून आला, आणि त्याच्या घडणीत आपल्याकडच्या मातीचा मोठा वाटा आहे हे फार लोकांना माहीतच नसतं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेत होता, तिथं त्यानं काडीकचरा, शेण, मूत्र, माती यांचं खत करायची पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्डचं म्हणणं असं की मातीचं, पिकाचं, जनावराचं आणि माणसाचं आरोग्य ही एकच साखळी आहे, मातीतून काढलं ते मातीला परत गेलं पाहिजे. पुढं १९४० मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड नॉर्थबोर्ननं "ऑरगॅनिक" शेती असा शब्द वापरला, तो संपूर्ण शेत हेच एक जिवंत शरीर आहे या अर्थानं. शेताला अवयव आहेत, गोठा, उकिरडा, बांध, विहीर, आणि ते एकमेकांना धरून चालतात. बघा, केकुलेनं काढून टाकलेलं इंद्रिय इथं परत आलं.

मराठीत दोन्हीला आपण सेंद्रियच म्हणालो. हिंदीवाले इथं सुटले, ते रसायनाला कार्बनिक म्हणतात आणि शेतीला जैविक, म्हणून सरकारी लोगोवरसुद्धा "जैविक भारत" असतं. आपल्याकडं मात्र माती परीक्षणाच्या कागदावर "सेंद्रिय कर्ब" आणि भाजीच्या जुडीवर "सेंद्रिय भाजी", एकच शब्द. सेंद्रिय कर्बाचा अर्थ तर एकदम चोख आहे, मातीत कुजलेल्या पालापाचोळ्यातून, मुळांतून, शेणातून आलेला कार्बन किती, अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी धरतात, पाऊण टक्क्याच्या वर गेला तर भरपूर. आणि तो मोजतात कसा, तर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून. मातीचा जिवंतपणा मोजायला ॲसिड लागतं यात मला काही विरोधाभास दिसत नाही, पण "केमिकल" हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्याला ते नक्की खटकेल.

इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो. दोन अर्थ होते, दोन्ही प्रामाणिक होते, आणि मग शहरातल्या बाजारानं तिसरा केला. सेंद्रिय म्हणजे केमिकल नसलेलं. पाटी वाचली की "१००% केमिकल फ्री" आणि लोक दुप्पट पैसे देतात, मीपण दिलेत.

त्या मुलाच्या पप्पांच्या शेतावर मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आले, अर्धा एकर द्राक्ष, बाकी भाजीपाला. छाटणी झाली होती, हवा ढगाळ, आणि ते बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण, करत होते. प्लास्टिकच्या ड्रममध्ये रात्रीच मोरचूद भिजत घातलेलं, दुसऱ्या ड्रममध्ये कळीचा चुना विरलेला, तो फडक्यातून गाळून घेतला, मग तिसऱ्या ड्रममध्ये दोन्ही बाजूंनी दोघं जण एकदम ओतत होते आणि एक जण काठीनं ढवळत होता, आणि बघता बघता त्या पाण्याला असा सुंदर आकाशी रंग आला की मी बघतच राहिले. मग त्यांनी लोखंडी विळा पुसून त्यात बुडवला, थोडा वेळ ठेवला, वर काढून उन्हात धरला. "मॅडम, हे बघा, लाल चढलं का? चढलं तर तांबं सुटं आहे, पान जळणार, अजून चुना घाला." लाल चढलं नाही. मी बारावीला जी विस्थापन अभिक्रिया शिकवते, लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं ती, ती या माणसाच्या हातात विळा होऊन होती.

आता सांगा, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शंभर टक्के केमिकल. कारखान्यात बनतं, त्यात कार्बनचा एक अणू नाही, म्हणजे माझ्या विषयात ते चक्क असेंद्रिय. आणि बोर्डो मिश्रण जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत चालतं, मर्यादा घालून. का चालतं, तर जुनं आहे. १८८२ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की रस्त्याकडेच्या ज्या वेलींना जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद-चुना फासला होता त्यांचीच पानं केवडा या बुरशीच्या रोगातून वाचली, १८८५ मध्ये त्यानं कृती छापली, आणि सेंद्रिय शेतीवाल्यांकडं आजही केवड्यावर याच्या तोडीचं फारसं काही नाही. पण तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, फुटत नाही, दरवर्षी मातीत साठत जातं आणि जास्त झालं की गांडुळांना त्रास होतो. म्हणून युरोपनं हेक्टरी सात वर्षांत अठ्ठावीस किलोची मर्यादा घातलीय. ही सगळी माहिती गिऱ्हाइकाला उपयोगी आहे. "केमिकल फ्री" या दोन शब्दांत यातलं काही नाही, उलट ते सरळ सरळ खोटं आहे.

उलट बाजूनं बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या वेळी मोनोक्रोटोफॉसचं नाव सगळीकडं आलं, डब्यावर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे सगळ्यात जहाल वर्गातलं. त्याच्या रेणूत सात कार्बन आहेत. माझ्या पुस्तकाप्रमाणे ते सेंद्रिय संयुग, शंकाच नाही. गावात त्याला काय म्हणतात? औषध. "औषध मारायला गेलाय" असं आपण अजून म्हणतो. शहरात तीच वस्तू "केमिकल". मला वाटतं या दोन शब्दांनी मिळून जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याच शब्दानं केलं नसेल, कारण औषध म्हटल्यावर हातमोजा घालावासा वाटत नाही, आणि केमिकल म्हटल्यावर शहरातल्या माणसाला फक्त आपल्या ताटात काय येतं तेवढं दिसतं, ते पाठीवर पंप घेऊन कमरेएवढ्या कापसात कोण फिरतंय ते दिसत नाही. विष हा शब्द आपल्या भाषेत आहे. तो वापरायला लाज का वाटते?

आणि नैसर्गिक म्हणजे सौम्य असंही नाही. तंबाखूच्या पानातलं निकोटिन अगदी नैसर्गिक आहे, कीटकनाशक म्हणून वापरलंही गेलंय, आणि माणसाला इतकं जहाल की अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत त्याला बंदी आहे. आपल्या निंबोळी अर्कात जे काम करतं ते ॲझाडिराक्टिन, ते सुद्धा रसायनच, केवढं गुंतागुंतीचं तर केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले आणि त्यांच्या टीमला ते प्रयोगशाळेत बनवायला बावीस वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं. कडुलिंब ते दरवर्षी उन्हाळ्यात बनवतो. मला यात निसर्गाचा मोठेपणा दिसतो, पण तो केमिस्ट म्हणूनच दिसतो.

युरियाचं काय मग? गोमूत्रातला मुख्य नत्र हा युरियाच्याच रूपात असतो. जीवामृतात गोमूत्र घालता तेव्हा तुम्ही युरिया घालता. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, गायीच्या मूत्रपिंडातून आला काय किंवा कारखान्यातून, पिकाला फरक कळायचा काही मार्ग नाही. मग त्या पप्पांनी युरिया बंद केला तो वेडेपणा का? अजिबात नाही! गोणीतल्या युरियात ४६ टक्के नत्र आहे, पंचेचाळीस किलोची गोणी फेकली की वीस-एकवीस किलो नत्र एकदम मातीत पडतो, पाण्यात झटकन विरघळतो, पिकाला घेता येत नाही तो अमोनिया होऊन उडतो नाहीतर नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. शिवाय तो बनवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. आणि नुसता युरिया टाकत राहिलं, शेणखत बंद केलं, की सेंद्रिय कर्ब खाली येत जातो, जमीन कडक होते, पाणी धरत नाही. ही खरी कारणं आहेत, भक्कम आहेत, आणि यातलं एकही कारण "युरिया केमिकल आहे" हे नाही. प्रमाण, वेग, आणि परत काय टाकलं, हे प्रश्न आहेत. हॉवर्ड आणि वाड यांनी हेच विचारलं होतं.

मला यावर नेहमी एक उत्तर मिळतं की तुम्ही शास्त्रवाले शब्दांचा कीस पाडता, लोकांना कळतंय ना काय म्हणायचंय ते. हे उत्तर मी उडवून लावत नाही. शब्द लोकांचे असतात. कोल्हापूर भागात "केमिकल फ्री गूळ" म्हटलं की ऐकणाऱ्याला बरोबर कळतं, की यात हायड्रॉस पावडर टाकलेली नाही. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना मळी काढायला भेंडीचं पाणी घालतात, चुना घालतात, आणि गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ लागतो म्हणून हायड्रॉस मारतात, त्यानं रंग उघडतो, आणि ठेवला की पुन्हा काळवंडतो. जो गुळव्या हायड्रॉस न मारता तांबूस काळपट ढेप काढतो त्याला ते सांगायचा पूर्ण हक्क आहे. पण मग तेच सांगा ना! "हायड्रॉस नाही" एवढे दोन शब्द लिहा. चुना घातलाय हेही लिहा, चुना काही गुन्हा नाही. "केमिकल फ्री" लिहिलं की हायड्रॉस न मारणारा आणि नुसता स्टिकर छापणारा एकाच रांगेत उभे राहतात, आणि भाव खाऊन जातो स्टिकरवाला. एका प्रदर्शनात मी "ऑरगॅनिक मीठ" पण बघितलंय, ज्यात कार्बनही नाही आणि जे शेतात पिकतही नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी काहीच नाही.

सर्टिफिकेट आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. २०१७ चे नियम आहेत, लोगो आहे, आणि छोट्या शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकलं तर सर्टिफिकेटची सूट आहे, ती असायलाच हवी कारण अर्धा एकरवाला तो खर्च कुठून करणार. पण सर्टिफिकेट कोणती पद्धत पाळली ते सांगतं, गिऱ्हाईक मात्र ते "यात काहीच नाही" असं वाचतं.

आणि हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये, कारण आपण ते करतोच आहोत, फक्त दुसऱ्यांसाठी. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली, वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला म्हणून, द्राक्षवाल्यांच्या भाषेत सीसीसी. कितीतरी जणांचं वर्ष गेलं. आज नाशिक-सांगलीचा निर्यातवाला बागाईतदार प्लॉटचा नंबर, कुठलं औषध कधी मारलं, त्याचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं अंतर, किती दिवसांचा, रेसिड्यूचा म्हणजे फळात उरलेल्या अंशाचा रिपोर्ट, सगळं लिहून ठेवतो. नेदरलँड्समधल्या दुकानदाराला हवं असेल तर त्या घडाचा पूर्ण इतिहास निघतो. त्याच तालुक्यातली द्राक्षं पुण्या-मुंबईत आली की आपल्याला मिळतं काय, तर एक हिरव्या पानाचं चित्र आणि "नैसर्गिक" असा शब्द. मला हे अपमानास्पद वाटतं. आपल्या पोरांनी खायच्या द्राक्षांची वही कुठाय?

माझं मागणं दोन बाजूंनी आहे. शाळेच्या पुस्तकांत "कार्बनी संयुगे" हा शब्द आता आलाय, तो आम्ही केमिस्ट्रीवाल्यांनी पूर्णपणे घ्यावा आणि सेंद्रिय हा शब्द शेतीला देऊन टाकावा, तिकडं त्याला इंद्रियं आहेत, तो तिथं शोभतो. जुन्या सवयीनं माझ्याच तोंडून सेंद्रिय निघतं, पण या वर्षी फळ्यावर मी कार्बनी लिहिलंय. आणि विकणाऱ्यांनी केमिकल फ्री हे शब्द काढून टाकावेत आणि काय घातलं, काय मारलं, शेवटचं कधी मारलं, हे तीन ओळींत लिहावं.

हे मी त्या पप्पांना सांगितलं, बोर्डोचा ड्रम रिकामा होत होता तेव्हा. ते शनिवारी शहरात भाजी आणतात, फळीवर खडूनं लिहितात. म्हटलं, दादा, मोरचूद-चुना मारला अमुक तारखेला असं लिहून बघा ना. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मॅडम, लिहीन की. पण शेजारचा केमिकल फ्री लिहितो आणि मी मोरचूद लिहिलं तर बाई विचारणार, म्हणजे केमिकलच ना हे? मग मी तिला विळ्याचं सांगत बसू का भाजी विकू?"

त्यांचं बरोबर आहे. तो प्रश्न त्यांच्यावर टाकून चालणार नाही, तो फळीच्या अलीकडं पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्यावर आहे. मी आता केमिकल आहे का असं विचारत नाही, काय मारलं आणि कधी मारलं असं विचारते, आणि जो सांगतो त्याच्याकडून घेते.